लिलाधरने केलेलं सुपाचं गाणं

माझ्या घरी संध्याकाळी लिलाधर आला, की माझी बायको सुशीला स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत असे. माणूस वाईट म्हणून नव्हे. माणूस लाख मोलाचा. पण त्याच्या पिशवीत लॅपटॉप असे आणि लॅपटॉपमध्ये त्याचं गाणं असे. गाणं हा शब्द त्याचा, माझा नाही. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो आहे. त्या अधिकाराने सांगतो, की त्यात सूर नव्हता, ताल होता तो कुणाला मोजता येणार नाही असा, आणि शब्द औषधालाही नव्हते.

लिलाधर तुमसरातल्या एका राईस मिलचा हेड मिस्त्री. मिलमधले आवाज मोबाईलवर टिपायचे, लॅपटॉपवर नेऊन ते ताणायचे, आवळायचे, उलटे फिरवायचे, एकावर एक चढवायचे, आणि समोरच्याला बारा मिनिटं खुर्चीत बसवून ऐकवायचे, हा त्याचा नाद. मंडळाचे मोठे स्पीकर माझ्या पुढच्या खोलीत असतात, म्हणून तो खुर्चीतला माणूस नेहमी मीच.

"लिलाधर, याले गाणं म्हणाचं तं आमच्या बोरच्या मोटरले पंडितजी म्हणा लागन," मी एकदा त्याला तोंडावर म्हटलं.

तो मनापासून हसला. "मोटर बी रेकॉर्ड करू का जी?" म्हणाला, आणि खरंच मागच्या अंगणात जाऊन करून आला.

तो मूळचा बपेऱ्याचा. बाप भैयालाल नदीत आणि तळ्यांत जाळं टाकायचा. पोराला पाण्यात रस नव्हता. विशीत तो लग्नवरातींच्या डीजेच्या गाडीवर लागला, तिथे वायरी जोडता जोडता लॅपटॉप शिकला, आणि पुढे रंजूशी लग्न झाल्यावर, रात्रीबेरात्री नाचणाऱ्यांच्या शिव्या खाण्यापेक्षा बरं म्हणून मिलमध्ये आला. रंजू घरी बिड्या वळते. मूलबाळ नाही. या दोघांच्या संसारात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई रेवताबाई. भैयालाल गेल्यावर ती बपेरा सोडून लेकाकडे राहायला आली होती.

लिलाधरचे कान म्हणजे मिलमध्ये चर्चेचा विषय. धान सोलणाऱ्या यंत्राला शेलर म्हणतात. त्यात रबराचे दोन रोल फिरतात आणि त्यांच्या फटीतून धान जातं. फट जराशी कमी झाली की तांदूळ तुटून कणी होते, जराशी जास्त झाली की टरफल तसंच राहतं. बाकीचे मिस्त्री मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन बघतात. लिलाधर शेलरकडे पाठ करून उभा राही आणि म्हणे, "डावा रोल घासला." उघडून बघावं तर डावाच घासलेला असे. मालकाने एकदा सगळ्यांसाठी कानात घालायचे रबरी बोळे आणले होते. लिलाधरने आपले खुंटीला अडकवले ते तिथेच राहिले.

"कानात बूच घातलं तं मशीन काय बोलून राहिली हे मले कसं समजन?" तो मला म्हणाला होता. मला ते तेव्हा मोठं थोर वाक्य वाटलं. मी मंडळात चार जणांना सांगितलंसुद्धा. अठरा वर्षं तो त्या गडगडाटात उघड्या कानांनी उभा राहिला आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

गेल्या वर्षी फाल्गुनात तो मोठ्या खुशीत आला. गोव्यातली काही पोरं असली विचित्र गाणी जमवून इंटरनेटवर संग्रह काढत होती. त्यांनी याचे मिलचे तुकडे ऐकले होते आणि बारा मिनिटांचं एक अख्खं गाणं मागितलं होतं. जूनच्या शेवटपर्यंत द्यायचं.

"आधी मिल, मंग माय," त्याने मला आराखडा सांगितला. सुरुवातीला सगळी मिल धडधडत असेल. मग एकेक यंत्र बंद पडत जाईल. आधी तांदूळ घासणारा पॉलिशर, मग शेलर, मग यंत्रं फिरवणारे पट्टे. आणि शेवटची चार मिनिटं नुसतं रेवताबाईचं सूप. "मिल नव्हती तवा हेच होती जी मिल. मायच्या सुपाचा आवाज त्याच्यात आला, की मले दुसरं काही नाही पायजे."

हे मात्र मला पटलं. रेवताबाईचं पाखडणं मी ऐकलं होतं. बपेऱ्यात लग्नघरचा तांदूळ तिच्या हातून गेल्याशिवाय चुलीवर चढत नसे. एवढीशी बाई, पण सूप हातात आलं की ते तिच्या अंगाचाच भाग होऊन जाई. ठप, ठप, ठप, आणि प्रत्येक दोन ठपांच्या मध्ये दाणे बांबूच्या विणीवरून सरकत मागे येतात तो बारीक आवाज. तो मला शब्दांत सांगता येत नाही. ज्याच्या घरी आई पाखडत असे त्याला तो सांगावा लागणार नाही.

अडचण अशी, की दिवसभर त्यांच्या गल्लीत रेतीच्या टिप्परांची आणि ट्रॅक्टरांची वर्दळ, आणि लिलाधरला वेळ सापडे तो मिलची पाळी बदलते तेव्हा, ऐन दिवेलागणीला. दिवेलागणीला सूप हातात घेत नाहीत. लक्ष्मी यायच्या वेळेला तिला पाखडून बाहेर टाकल्यासारखं होतं. रेवताबाई आयुष्यात कधी त्या वेळेला सुपाला शिवली नव्हती. लेकासाठी शिवली. तुळशीपुढे दिवा लावायची, हात जोडून काहीतरी पुटपुटायची आणि ओसरीवर येऊन पाखडायला बसायची.

दुसऱ्याच आठवड्यात लिलाधर कपाळाला आठ्या घालून आला. "आवाज येऊनच नाही राहिला जी. नुसती ठपठप येते. मधातला जो आवाज, तोच येत नाही."

मोबाईलवर खापर फुटलं. मग त्याने वेगळा माइक आणला. तो सुपाच्या काठाला बांधून पाहिला, तिच्या मनगटाला बांधून पाहिला, ओसरीवर चटई, गोधडी, रिकामी पोती अंथरून पाहिली. जाड तांदूळ, बारीक तांदूळ, धान, तूर, सगळं पाखडून झालं. रोज तेच. सत्तरी ओलांडलेली बाई, चैत्राचा उकाडा उतरलेला नसे, आणि हा समोर कानाला हेडफोन लावून बसलेला. पुढे पुढे त्याचा तोल जायला लागला.

"माय, तू नीट घोळून नाही राहिली," तो माझ्यादेखत तिच्यावर खेकसला. मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेलो होतो.

"येते ना बाबू आवाज. मले तं येते."

"तुह्या हाताले लागते म्हणून तुले वाटते. मोबाईलले येत नाही. अजून एक डाव कर."

तिने अजून एकदा पाखडलं. मला तो आवाज चार हातांवरून स्वच्छ ऐकू येत होता. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, यंत्राची भानगड आहे, आपल्याला काय कळतंय.

चार दिवसांनी दुपारी रेवताबाई एकटीच माझ्याकडे आली. डोक्यावर पदर, हातात मुरमुऱ्यांची पुडी. सुशीलाने पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"गुरुजी, लिलाले आयकू येऊन नाही राहिलं."

मी म्हटलं, "काहीतरीच. त्याच्यासारखे कान आहेत कोनाचे?"

"ढोल आयकू येते, गाडी आयकू येते. बारीक आयकू येत नाही. टिटवी बोलली तं तो वर पाहत नाही. कुकरची शिट्टी झाली तं वाफ पाहते, अन मंग गॅस बंद करते. मांगून रंजूनं आवाज देल्ला तं वळत नाही. त्याचा मोबाईल चांगला हाय गुरुजी. माहा सूप बी चांगला हाय."

मी म्हटलं, मग त्याला सांगू. ती एकदम घाबरी झाली. मिलमध्ये समजलं तर? कानावरच तर त्याची हेडमिस्त्रीकी. आणि त्याहून मोठी भीती तिने नंतर सांगितली. "त्याले आपल्या कानाचा लई गर्व हाय. तो टुटून जाईन. तुमी नका सांगू. पेटीवर हात ठेवा."

मी पेटीवर हात ठेवून शब्द दिला. आता वाटतं, तो हात तेव्हाच झडला असता तर बरं झालं असतं. म्हातारीचं एक ठीक होतं, ती आई होती. मी मास्तर. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून दिलं, आणि जिथे बोलायची वेळ आली तिथे पुडीतले मुरमुरे खात बसलो.

ती त्याच्यासाठी पाखडत राहिली. वैशाखात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. दुपारी दोन वाजता, रंजू कपाळावर ओला फडका ठेवत असताना. लिलाधर मिलमधून पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. गल्लीतल्या बाया कुजबुजत होत्या, की दिवेलागणीला सूप वाजवलं, दुसरं काय होणार. रंजूसुद्धा एकदा रडता रडता ते बोलून गेली. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. आता मला त्याचं काहीच नक्की सांगता येत नाही.

तेराव्यानंतर तो लॅपटॉप घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "आता नवीन रेकॉर्ड होत नाही," म्हणाला. "जे हाय त्यातूनच माय काढा लागन."

त्रेचाळीस वेळा त्याने तिला रेकॉर्ड केलं होतं. रोज तो त्यातलं एकेक उघडून बसे. त्याचं म्हणणं, आवाज तिथे दबून बसला आहे, तो वर आणायचा. पडद्यावर उभ्या पट्ट्या असत. त्यातल्या उजवीकडच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, तो बोटाने वर ढकले. पहिल्या दिवशी सुपाचा आवाज माझ्या खोलीत इतका सुरेख घुमला, की सुशीला दाराची कडी काढून बाहेर आली आणि रेवताबाईच्या आठवणीने डोळे पुसू लागली. "आला की रे," मी म्हणालो.

"नाही जी," तो म्हणाला. "तुमी माहं मन राखून राहिले."

त्याने पट्ट्या अजून वर ढकलल्या. दुसऱ्या दिवशी अजून. आठवड्याभरात सुपाचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा झाला, पंधरवड्यात तर त्याची नुसती शिट्टी झाली. सुशीलाचं दार पुन्हा बंद झालं. समोरच्या दारातला कुत्रा उठून जाई. माझ्या दाढा शिवशिवत आणि तो गेल्यावरही मी तासभर कानात सुई फिरत असल्यासारखा बसून राही. आणि तो समोर डोळे मिटून, मान पुढे काढून, जिवाचा कान करून बसलेला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने सगळ्या पट्ट्या छताला लावल्या. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. स्पीकरमधून जे आलं त्याला आवाज म्हणवत नाही. आणि लिलाधरचा चेहरा उजळला. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"आली जी," तो म्हणाला. "लांबून, पन आली. आली माय."

सांगा, मी काय बोलायला हवं होतं? मी इतकंच म्हणालो, "छान झालं."

त्याने ते गोव्याला पाठवून दिलं. नाव ठेवलं "रेवता".

मला वाटलं होतं, ती पोरं परत पाठवतील, काहीतरी खोट काढतील, आणि मला न बोलता सगळं सुटेल. तसं झालं नाही. ऑगस्टमध्ये संग्रह निघाला आणि लोकांना "रेवता" भयंकर आवडलं. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी खाली इंग्रजीत लिहिलं. लिलाधर ते मोबाईलवर मराठी करून वाचत होता. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता, रागही नव्हता. दुकानदाराने भलतीच वस्तू बांधून दिल्यावर माणूस बघतो तसा बघत होता.

"गुरुजी, हे वाचा जी."

मी वाचलं. एकाने लिहिलं होतं, शेवटच्या चार मिनिटांतली किंचाळी रक्त काढते, काय धाडस आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, यंत्र माणसाचा कसा छळ करतं हे याहून चांगलं कुणी दाखवलं नाही. तिसरा म्हणत होता, मी अडीच मिनिटं सहन करू शकलो, सलाम.

"किंचाळी कोठी हाय जी?" लिलाधरने विचारलं.

"कलाकार लोकं," मी म्हणालो. "काहीबाही लिवतात."

"सात जनाइनं लिवलं. सातही जनाइले एकच गोष्ट कशी सुचली?"

मी चष्मा पुसू लागलो.

"मशिनीनं मराठी चुकीचं केलं असन. तुमी इंग्रजी शिकवलं. तुमी सांगा, काय लिवलं हाय त्याइनं?"

मी चष्मा पुसतच राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकघराची कडी वाजली आणि सुशीला बाहेर आली. पदराला हात पुसत ती त्याच्या समोर, अगदी समोर, त्याला तोंड दिसेल अशी बसली.

"मी सांगतो बाबू," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया सांगतो असंच म्हणतात. "तुह्या गान्यात शेवटी लई मोठी शिट्टी वाजते. सहन होत नाही. म्हणून मी दार लावतो. तुले ते आयकू येत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली, आणि त्याला जे कळायचं ते त्यातून कळलं.

त्याने मोबाईल काढला. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं, काही न केलेलं, रेवताबाईने चैत्रात पाखडलेलं. मोबाईल कानाला लावला, काढला, दुसऱ्या कानाला लावला.

"ठपठप येते," तो म्हणाला. "मधात काही नाही."

"मधात हाय," सुशीला म्हणाली.

"काय हाय?"

"दाने सरकून राहिले."

"साफ?"

"एकदम साफ. इथं बसून पाखडल्यावानी."

तो एक एक रेकॉर्डिंग लावत गेला आणि आम्हाला विचारत गेला. यात हाय? यात? अन यात? सगळ्यांत होतं. विसाव्याच्या आसपास त्याने मोबाईल खाली ठेवला. मला राहवलं नाही. पेटीवर हात ठेवल्याची गोष्ट मी त्याला सांगून टाकली. मला वाटलं, तो माझ्या अंगावर येईल. आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "माईले माहीत होतं?"

"हो."

"सुपात काही खोट नाही, मोबाईलमधी नाही, हे बी माहीत होतं?"

"हो."

"मंग तिनं त्रेचाळीस डाव काहून पाखडलं जी?"

याचं उत्तर आम्हा नवराबायकोला माहीत होतं. तो मागत गेला, म्हणून ती पाखडत गेली. तो उठून गेला तेव्हा लॅपटॉप माझ्याच घरी राहिला होता.

त्यानंतर महिनाभर तो फिरकला नाही. बातम्या रंजूकडून कळत. त्याने स्वतः मालकाकडे जाऊन सांगितलं. मालकाने कामावरून काढलं नाही, पण शेलरवरून हलवून पोती शिवायच्या मशीनवर बसवलं. भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, की बारीक आवाज पकडणारी आतली नस कायमची गेली आहे, यंत्र लावून बोलणं थोडं बरं समजेल, बारीक ऐकू येणं मात्र परत यायचं नाही. त्याने यंत्र लावून पाहिलं. रंजूचं बोलणं समजलं, भांडी अंगावर आदळल्यासारखी वाजली, सूप आलं नाही.

"जेवून नाही राहिले, गुरुजी," रंजू म्हणाली. तिच्या मांडीवर तेंदूची पानं होती आणि बोटं बोलतानाही चालू होती. "मोबाईल कानाले लावून बसून रायतात. मले म्हणतात, आता कशी करून राहिली माय, सांग. मी काय सांगू? सुपाचा आवाज का सांगता येते?"

एकदा तो भर दुपारी लॅपटॉप न्यायला आला आणि ओसरीवरच उघडून बसला. त्याला एक कल्पना सुचली होती. बारीक आवाज ऐकू येत नाही ना, तर तो सावकाश करून जाड करायचा. त्याने आईचं पाखडणं चौपट सावकाश केलं. आणि त्याला ऐकू आलं. दोन मिनिटं तो श्वास रोखून ऐकत होता. मग त्याने बंद केलं.

"रेतीचा टिप्पर खाली करून राहिल्यावानी येते," म्हणाला. "हे माय नव्हे."

"मग तुझं पहिलंच ठेव," मी म्हणालो. "तुला लांबून का होईना येत होती ना? लोकांनाही आवडलं आहे. काय बिघडलं?"

"आता ते लावलं तं मले माय आयकू येत नाही जी. तुमचं तोंड दिसते. खुर्ची धरून बसल्याचं." त्याने लॅपटॉप मिटला. "अन माहा मायचा आवाज लोकाइच्या कानात खुपसाले नव्हता. तिच्या नावानं ते गाणं फिरून राहिलं. लोकं म्हणतात किंचाळी. तिनं उभ्या जन्मात कोनावर आवाज चढवला नाही."

हे बोलताना त्याचा स्वतःचा आवाज चढला होता. ते त्याला कळलं नाही. सुशीला आतून धावत आली, की काय झालं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी तो रंजूला घेऊन आला. दुपारचे चार वाजले असतील. त्याने वायरी जोडल्या, स्पीकर माझ्याकडे वळवले आणि स्वतः लॅपटॉपपुढे, माझ्याकडे तोंड करून बसला.

"मी पट्ट्या खाली आनतो. तुमी बोट वर ठेवा. माय जशी होती तशी झाली, की बोट खाली करा. मन राखू नका जी."

मी बोट वर धरलं. एवढं ओझं मी आयुष्यात कधी उचललेलं नाही. तो एकेक पट्टी केसाएवढी खाली आणी आणि माझ्या बोटाकडे बघे. किंचाळी कमी झाली, शिट्टी झाली, मग खिळा, मग पत्रा, मग वाळू. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पहिल्या एक-दोन पट्ट्यांनंतर त्याला ऐकू येणं संपलं असणार; पुढचं सगळं तो माझ्या बोटावरून करत होता. मध्येच मी घाईने बोट खाली केलं, तेव्हा सुशीला म्हणाली, "नाही, अजून बांबू वाजून राहिला." मी बोट परत वर केलं. अर्ध्या तासाने वाळूचे दाणे झाले. तांदळाचे दाणे. मी बोट खाली केलं. रंजूने तोंडात पदर धरला होता, त्यावरून मला कळलं की मी चुकलो नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

मग त्याने पूर्ण गाणं पहिल्यापासून लावलं. आम्ही तिघं ओळीने बसलो आणि तो लॅपटॉप बाजूला सारून आमच्या समोर. मिल सुरू झाली, आणि पहिल्यांदाच मला तिच्यात काहीतरी दिसलं. अठरा वर्षं उभा राहिलेला माणूस दिसला म्हणा. हे सगळं त्यालाही ऐकू येत होतं. मिलच्या पट्ट्यांच्या ठेक्यावर त्याचा अंगठा हलत होता. पॉलिशर बंद पडला. शेलर बंद पडला. पट्टे सुटत सुटत थांबले आणि खोलीत रेवताबाई पाखडायला बसली.

त्याने ठपठपही काढून टाकली होती. "ठपठप सर्वाइची सारखीच रायते," म्हणाला होता. उरला होता फक्त मधला आवाज. म्हणजे त्याच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. तो हात मांडीवर ठेवून, स्पीकरकडे नाही, आमच्याकडे बघत होता. रंजूकडे, सुशीलाकडे, माझ्याकडे, पुन्हा रंजूकडे. रंजू रडत होती. तो तिच्याकडे अशा आशेने बघत होता, की तिच्या तोंडावरून त्याला थोडंसं तरी ऐकू येईल. मला ते बघवेना, मी डोळे मिटून घेतले. दाणे येत होते आणि जात होते.

"संपलं का जी?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी डोळे उघडून म्हणालो. "पाखडून राहिली."

त्याने मान हलवली. "मंग संपलं की सांगजा."

थोड्या वेळाने सूप थांबलं. सुशीलाने माझ्याकडे बघितलं, रंजूने बघितलं. लिलाधर माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. मी तोंड उघडलं नाही. तो तसाच बसून राहिला, मांडीवर हात ठेवून, आणि आम्हीही त्याच्याबरोबर बसून राहिलो.